‘यूएसआर’मध्ये माणसं का राहत नाहीत?

लिनक्स चालणाऱ्या कुठल्याही संगणकावर टर्मिनल उघडा, ‘एलएस’ ही कमांड द्या आणि तिच्यापुढे एक तिरकी रेघ मारा. पडद्यावर सतरा-अठरा नावं उमटतील: बिन, बूट, डेव्ह, ईटीसी, होम, लिब, मीडिया, एमएनटी, ऑप्ट, प्रॉक, रूट, रन, एसबिन, एसआरव्ही, सिस, टीएमपी, यूएसआर, व्हार. पडद्यावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत असतात. इथे मी ती जशी उच्चारतात तशी लिहिली आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही यादी कुणीतरी घाईत केलेल्या टिपणासारखी वाटते. दोन-दोन, तीन-तीन अक्षरं, त्यांतही स्वर गाळलेले.

नवखा माणूस त्यातल्या त्यात ओळखीचं नाव शोधतो आणि ‘यूएसआर’पाशी थांबतो. हा ‘युजर’च असणार, म्हणजे माझ्या फाइली इथेच असतील, असा त्याचा कयास. तो आत जातो. तिथे हजारो फाइली सापडतात, पण त्यांत त्याची एकही नसते. माणसं राहतात ‘होम’मध्ये. मग युजरच्या नावाची ही भली मोठी डिरेक्टरी कुणासाठी?

नावाचा अर्थ ‘युजर’ हाच होता. पुण्यातल्या लकडी पुलात आज लाकूड नाही, तरी नाव टिकलं. तसंच हे आहे. त्या नावामागची हकिकत समजली की बाकीच्या यादीचाही उलगडा होत जातो.

त्याआधी डिरेक्टऱ्यांच्या या झाडाची ओळख करून घेऊ. विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला स्वतःचं अक्षर असतं: सी, डी, ई. ही पद्धत सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून डॉसमध्ये आली आणि डॉसकडून विंडोजमध्ये. युनिक्समध्ये, आणि त्याच्याच वळणावर बेतलेल्या लिनक्समध्ये, अक्षरं नाहीत. सगळं एकाच तिरक्या रेघेपासून सुरू होतं, तिला ‘रूट’ म्हणजे मूळ म्हणतात. नवी डिस्क लावली, पेन ड्राइव्ह खुपसला, दूरच्या सर्व्हरवरची जागा जोडली, तरी नवं झाड उगवत नाही. असलेल्याच झाडाच्या एखाद्या फांदीवर ते सगळं बांधलं जातं. याला माउंट करणं म्हणतात. कोकणात आंब्याचं कलम बांधतात त्याची आठवण यावी असाच हा प्रकार आहे: खोड एकच, फांदी बाहेरून आणलेली, आणि एकदा जोडल्यावर वरून पाहणाऱ्याला सांधा दिसत नाही. ‘/होम’ दुसऱ्याच डिस्कवर असेल, तरी तिथे काम करणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. ज्या डिरेक्टरीवर नवी डिस्क बांधली, तिच्यात आधी काही फाइली असतील तर त्या झाकल्या जातात. डिस्क सोडवेपर्यंत त्या दिसत नाहीत. पुसल्या गेल्या असं वाटून अनेकांच्या छातीत धस्स होतं. पण त्या जागच्या जागी असतात.

आणि डिरेक्टरी म्हणजे तरी काय? खण, कप्पा, पेटी अशी उपमा आपण देतो, पण ती दिशाभूल करते, कारण डिरेक्टरीच्या पोटात फाइली नसतातच. डिरेक्टरी ही स्वतः एक छोटी फाइल असते आणि तिच्यात फक्त नोंदी असतात: हे नाव, हा क्रमांक. त्या क्रमांकाला ‘आयनोड’ क्रमांक म्हणतात. फाइल कुणाची, किती मोठी, ती कुणी वाचावी, तिचा मजकूर डिस्कवर नेमका कुठे आहे, हे सगळं आयनोडमध्ये लिहिलेलं असतं. शेतकऱ्याला हे चटकन समजेल. घरात एका वावराला ‘चिंचेखालचं’ म्हणतात, भाऊबंद त्यालाच ‘ओढ्याकाठचं’ म्हणतात, पण तलाठ्याच्या दप्तरात त्याचा गट नंबर एकच. युनिक्समध्येही एका आयनोडला दोन-तीन नावं असू शकतात, तीही वेगवेगळ्या डिरेक्टरींत. त्यांतलं कोणतंच खरं आणि कोणतंच खोटं नसतं. एक नाव पुसलं तर फक्त नोंद खोडली जाते. शेवटचं नाव जातं आणि ती फाइल उघडून बसलेला शेवटचा प्रोग्रामही तिला सोडतो, तेव्हाच डिस्कवरची जागा मोकळी होते.

हे वाचायला किरकोळ वाटेल, पण सर्व्हर सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला याचा फटका कधीतरी बसतो. डिस्क शंभर टक्के भरते. शोधाशोध केल्यावर कुठल्याशा प्रोग्रामची लॉग फाइल फुगून बसलेली सापडते. ती पुसली जाते. फाइल यादीतून नाहीशी होते आणि डिस्क तरीही शंभर टक्के! कारण तो प्रोग्राम अजून तिच्यात लिहितोच आहे. नाव गेलं, पण आयनोड जिवंत आहे. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की जागा क्षणात परत मिळते. ज्याला डिरेक्टरी म्हणजे ‘खण’ वाटतो तो इथे हतबल होतो, आणि ज्याला ती नोंदवही वाटते तो एका मिनिटात सुटतो.

आता यूएसआरकडे वळू. 1969 साली बेल लॅब्सने मल्टिक्स या मोठ्या, खर्चिक प्रकल्पातून अंग काढून घेतलं. फांद्या-उपफांद्यांची डिरेक्टरी ही कल्पना मल्टिक्सकडे होती. तिथे वाट (पाथ) लिहिताना दोन नावांमध्ये ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह टाकत. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्सच्याच केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी एका अडगळीत पडलेल्या पीडीपी-7 यंत्रावर स्वतःची छोटी सिस्टिम उभारायला घेतली. त्या पहिल्या युनिक्समध्ये तिरक्या रेघेने लिहिलेल्या वाटा नव्हत्याच. 1970 साली पीडीपी-11 आलं, आणि 1971पर्यंत वाटा आल्या, मूळ आलं, आणि बिन, डेव्ह, ईटीसी, यूएसआर ही नावंही आली.

तेव्हा ‘/यूएसआर’मध्ये खरोखर माणसं राहत होती. थॉम्पसनची डिरेक्टरी ‘/यूएसआर/केन’ अशी होती. आणि यंत्राला दोन तऱ्हेच्या डिस्क होत्या. एक जलद, पण लहान. सिस्टिमचं मूळ तिच्यावर. दुसरी संथ, पण प्रशस्त. लोकांच्या फाइली तिच्यावर, आणि ती ‘/यूएसआर’ इथे बांधलेली. लहान म्हणजे किती? थॉम्पसन आणि रिची यांनी 1974 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांच्या यंत्राची मापं आहेत: जलद डिस्क 1 एमबीची, आणि काढता-घालता येणाऱ्या डिस्कच्या तबकड्या प्रत्येकी 2.5 एमबीच्या. मोबाइलने काढलेला एक चांगला फोटो आज बऱ्याचदा याहून मोठा भरतो.

कमांडा वाढत गेल्या. ‘/बिन’मध्ये, म्हणजे जलद डिस्कवर, जागा उरेना. शेजारच्या डिस्कवर जागा होती. मग तिथे ‘/यूएसआर/बिन’ ही दुसरी डिरेक्टरी काढली आणि कमी लागणाऱ्या कमांडा तिच्यात ठेवल्या. त्या काळच्या मॅन्युअलमध्ये कारण सरळ दिलेलं आहे: ‘/बिन’मधली जागा वाचावी म्हणून. पाठोपाठ ‘/यूएसआर/लिब’ आली. माणसांच्या घरात सिस्टिमचं सामान येऊन पडलं आणि हळूहळू घर सामानाचंच झालं. पुढे माणसांनाच बाहेर पडावं लागलं. कुठे त्यांना ‘/यू’मध्ये जागा मिळाली, कुठे आणखी कशात, आणि 1980च्या दशकाच्या शेवटी ‘/होम’ हे नाव रुळलं. ‘यूएसआर म्हणजे युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस’ असं काही पुस्तकांत शिकवतात. तो अर्थ नंतर चिकटवलेला आहे. विद्यार्थ्यांना खरी गोष्ट सांगावी. ती जास्त लक्षात राहते.

नावं इतकी आखूड का, हेही मरे हिलमध्येच कळतं. तेव्हा पडदा नव्हता. टेलिटाइप मॉडेल 33 हे खडखडणारं यंत्र सेकंदाला 10 अक्षरं कागदावर उमटवी, आणि त्याच्या कळा दाबायला बोटांत जोर लागे. प्रत्येक अक्षर वेळ खात होतं. म्हणून ‘कॉपी’चं सीपी झालं, ‘टेम्पररी’चं टीएमपी झालं. फाइल तयार करणाऱ्या ‘क्रिएट’ या कॉलचं शेवटचं ‘ई’ही गळालं. पुन्हा युनिक्स लिहायचं झालं तर काय बदलाल, असं विचारल्यावर थॉम्पसनने ते ‘ई’ परत घालीन असं सांगितलं होतं.

एकाच कामाच्या दोन डिरेक्टऱ्या झाल्यावर त्यांचं समर्थन करणारं कारणही पुढे तयार झालं, आणि ते दीर्घकाळ खरं होतं. संगणक सुरू होताना आधी मूळ डिस्क हाती येते, ‘/यूएसआर’ नंतर बांधला जातो. मध्येच काही बिघडलं तर दुरुस्तीची हत्यारं मूळ डिस्कवर हवीत. म्हणून अगदी आवश्यक कमांडा ‘/बिन’मध्ये, कारभाऱ्याच्या कमांडा ‘/एसबिन’मध्ये, त्यांना लागणाऱ्या लायब्ररी ‘/लिब’मध्ये, आणि बाकी सगळं ‘/यूएसआर’च्या पोटात. पण आता लिनक्स सुरू होताना मेमरीत एक छोटी तात्पुरती सिस्टिम उभी राहते आणि दुरुस्तीचं काम तीच करते. शिवाय कोणती कमांड ‘आवश्यक’ यावर लिनक्सच्या प्रत्येक वितरणाचं, म्हणजे फेडोरा, डेबियन अशा तयार संचांचं, मत वेगळं होतं. फेडोराने 2012च्या 17व्या आवृत्तीत ही फाळणी संपवली. ‘/बिन’, ‘/एसबिन’ आणि ‘/लिब’ ही नुसती बोट दाखवणारी नावं उरली आणि खरं सामान ‘/यूएसआर’मध्ये गेलं. डेबियनमध्ये यावर वर्षानुवर्षं कडाक्याचे वाद झाले; 2023च्या 12व्या आवृत्तीपासून तिथेही हीच एक रचना उरली. फेडोराने 2025 साली 42व्या आवृत्तीत ‘बिन’ आणि ‘एसबिन’ यांचीही एकी करून टाकली. मला हे बदल योग्य वाटतात. एक डिस्क भरली म्हणून उभी राहिलेली भिंत, ती डिस्क संग्रहालयात गेल्यावरही जपण्यात अर्थ नव्हता.

यूएसआरच्या आयुष्यातलं दुसरं वळण मात्र केवळ अपघात नव्हतं. माझ्या मते या सगळ्या रचनेतला सर्वांत मोलाचा विचार तिथेच जन्माला आला. 1980च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्सची वर्कस्टेशनं विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत पोचली. डिस्क अजून महागच होती. 1984च्या सुमारास सनने एनएफएस ही पद्धत आणली. तिच्यामुळे एका यंत्रावरची डिरेक्टरी नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राच्या झाडाला बांधता येऊ लागली. मग वीस यंत्रांना वीस वेळा त्याच कमांडा कशाला? एका सर्व्हरवर एकच ‘/यूएसआर’ ठेवावा, सगळ्यांनी तो वाचावा, कुणी त्यात लिहू नये.

पण लिहू नये म्हटलं आणि अडचण दिसली. ‘/यूएसआर’मध्ये लिहिलं जातच होतं. टपालाची रांग तिथे, छपाईची रांग तिथे, हिशेबाच्या नोंदी आणि लॉग तिथे. वीस यंत्रांची छपाईची रांग एकाच ठिकाणी लिहिली जाऊन कशी चालेल? म्हणून जे जे चालू सिस्टिममध्ये बदलतं ते सगळं उचलून नव्या डिरेक्टरीत नेलं आणि तिला नाव दिलं ‘/व्हार’, ‘व्हेरिएबल’चं. यूएसआरमधली रांग व्हारमध्ये गेली, लॉग व्हारमध्ये गेले. जुन्या यूएसआरची बदलती बाजू म्हणजे आजचा व्हार.

यातून दोन प्रश्न हाती आले. ही फाइल रोजच्या कामात बदलते, की कारभाऱ्याने हात लावल्याशिवाय तशीच राहते? आणि ही फाइल अनेक यंत्रांना वाटून घेता येईल, की या एकाच यंत्राची आहे? यूएसआर स्थिर आहे आणि वाटून घेता येतो. ईटीसी स्थिर आहे, पण त्याच यंत्रापुरता. लोकांच्या टपालपेट्या बदलतात, पण वाटून घेता येतात. कोणता प्रोग्राम आत्ता चालू आहे याच्या खुणा बदलतात आणि त्या यंत्राबाहेर निरर्थक असतात. एखादी नवी फाइल कुठे ठेवावी असा प्रश्न पडला तर हे दोन प्रश्न विचारावेत. बहुतेक वेळा उत्तर आपोआप मिळतं.

हे दोन्ही प्रश्न लिहून ठेवले ते लिनक्सवाल्यांनी. 1993 साली लिनक्सची वितरणं भराभर निघत होती आणि प्रत्येक जण आपल्या सोयीने फाइली ठेवत होता. प्रोग्राम लिहिणाऱ्याला कुठली फाइल कुठे मिळेल याची खात्री नव्हती. ऑगस्टमध्ये काही जणांनी मिळून काम सुरू केलं आणि 14 फेब्रुवारी 1994 रोजी पहिलं मानक प्रसिद्ध झालं. पुढे बीएसडी, म्हणजे बर्कलेच्या युनिक्सच्या, गोटातले लोकही सामील झाले, नाव बदलून ‘फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड’ म्हणजे एफएचएस झालं, आणि 3 जून 2015 रोजी लिनक्स फाउंडेशनने त्याची 3.0 आवृत्ती काढली. तिच्यामागे कायद्याचं बळ नाही. तरीही सी-डॅकची बॉस लिनक्स असो की बँकेतला सर्व्हर, आत शिरल्यावर लॉग कुठे असतील हे विचारावं लागत नाही. आपखुशीने पाळलेल्या नियमांत इतकी एकवाक्यता क्वचितच दिसते.

ईटीसीबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे. नाव अगदी शब्दशः ‘इत्यादी’चं आहे. दुसरीकडे कुठे न बसणारं सगळं सुरुवातीला इथे टाकत; सिस्टिम सुरू करणारा ‘इनिट’ हा प्रोग्रामसुद्धा इथेच होता. पुढे प्रोग्राम बाहेर गेले आणि उरल्या त्या या यंत्राच्या स्वभावाच्या नोंदी: यंत्राचं नाव काय, कोणत्या डिस्क कुठे बांधायच्या, कुणाला आत येऊ द्यायचं, कोणती सेवा कशी चालवायची. बहुतेक फाइली साध्या मजकुराच्या, कुठल्याही एडिटरमध्ये उघडणाऱ्या. ‘पासवर्ड’मधली दोन अक्षरं गाळून केलेली ‘पासडब्ल्यूडी’ ही फाइल उघडून पाहा. एका ओळीत एक खातं, अपूर्णविरामांनी तोडलेले सात रकाने: नाव, पासवर्डची जागा, खात्याचा क्रमांक, गटाचा क्रमांक, वर्णन, घराची वाट, आणि आत आल्यावर सुरू होणारा प्रोग्राम. ती सगळ्यांना वाचता येते, कारण आयनोडमध्ये मालकाचं नाव नसतं, क्रमांक असतो, आणि क्रमांकावरून नाव शोधायला ही फाइल प्रत्येक प्रोग्रामला लागते. एके काळी पासवर्डचं सांकेतिक रूपही तिच्यातच उघड्यावर असे. संगणक वेगवान झाले, ते रूप फोडणं सोपं होत गेलं, तेव्हा त्याला ‘शॅडो’ नावाच्या वेगळ्या, फक्त कारभाऱ्याला वाचता येणाऱ्या फाइलीत हलवलं. दुसऱ्या रकान्यात आता नुसती फुली असते.

साध्या मजकुराचा फायदा बिघाडाच्या दिवशी कळतो. कालची आणि आजची फाइल शेजारी ठेवून कोणती ओळ बदलली ते पाहता येतं. म्हणून माझा आग्रह असतो की ईटीसीचा रोजचा इतिहास ठेवावा. आकाराने ती सहसा काही एमबींचीच असते. पण ती गेली तर त्या यंत्राबद्दल वर्षानुवर्षं घेतलेले निर्णय जातात.

इथेच आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण बॅकअप घेताना ती हमखास चुकते. यूएसआर हरवला तर पुन्हा उतरवून घेता येतो; वितरणाच्या पॅकेजांतून तो सगळीकडे सारखाच येतो. व्हारमधली ‘कॅश’ गेली तर पुन्हा भरते. पण ‘/व्हार/लिब’ गेली तर परत येत नाही. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस यांसारखे डेटाबेस सहसा तिथे आपला सगळा साठा ठेवतात. ‘व्हार’ म्हणजे बदलतं, बदलतं म्हणजे तात्पुरतं, असा सोयीचा अर्थ लावून लोक तिला वगळतात. तात्पुरतं असतं ते टीएमपीमध्ये. तिथे कुणीही फाइल ठेवू शकतो, पण दुसऱ्याची पुसू शकत नाही, अशी परवानगीची खास सोय केलेली असते. अनेक सिस्टिमींत ती मेमरीतच असते आणि संगणक बंद झाला की रिकामी होते. संगणक पुन्हा सुरू झाल्यावरही फाइल हवी असेल तर ‘/व्हार/टीएमपी’ वापरावी. निबंध, प्रकल्प, हिशेब यांपैकी काहीही दोन्हींत ठेवू नये.

काही डिरेक्टऱ्या डिस्कवर नसतातच. ‘/डेव्ह’मध्ये उपकरणं फाइलींच्या रूपात असतात. डिस्क ही फाइल, टर्मिनल ही फाइल, आणि ‘नल’ नावाची एक अशी फाइल जिच्यात काहीही ओता, ते नाहीसं होतं. पूर्वी तिथे हजारो फाइली आधीच करून ठेवाव्या लागत, उपकरण असो वा नसो. आता उपकरण जोडल्यावर नोंद उगवते, काढल्यावर जाते. ‘/प्रॉक’ त्याहून विलक्षण. 1984 साली बेल लॅब्सच्या टॉम किलियन यांनी चालू प्रोग्रामच फाइली म्हणून दाखवण्याची कल्पना मांडली. आज लिनक्समध्ये प्रत्येक चालू प्रोग्रामला ‘/प्रॉक’मध्ये त्याच्या क्रमांकाची डिरेक्टरी असते. थेट ‘/प्रॉक’मधली ‘मेमइन्फो’ ही फाइल यादीत शून्य बाइटची दिसते, पण वाचायला घेतली की मेमरीचा या क्षणाचा हिशेब मिळतो. वाचायला मागावं तेव्हाच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तो मजकूर तयार करतो. ‘/सिस’ हे तिचंच धाकटं भावंड, उपकरणांच्या माहितीसाठी. ‘/रन’ 2011च्या सुमारास आली; कोणता प्रोग्राम आत्ता चालू आहे याच्या खुणा तिच्यात असतात.

‘/ऑप्ट’ बाहेरून आणलेल्या मोठ्या सॉफ्टवेअरसाठी, ‘/मीडिया’ पेन ड्राइव्हसाठी, ‘/बूट’ कर्नलसाठी. त्यांच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. ‘/यूएसआर/लोकल’ मात्र लक्षात ठेवावी. वितरणाच्या पॅकेजांचा तिथे हात पोचत नाही, म्हणून स्वतः तयार करून बसवलेलं सॉफ्टवेअर तिथेच ठेवावं. आणि कारभाऱ्याचं घर ‘/होम’मध्ये नसून वेगळं ‘/रूट’मध्ये का? होम दुसऱ्या डिस्कवर असेल आणि ती डिस्क बांधलीच गेली नाही, तर दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला तरी घर हवं म्हणून.

घरातल्या अदृश्य फाइलींची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. प्रत्येक डिरेक्टरीत दोन नोंदी असतात: एक टिंब म्हणजे ती स्वतः, दोन टिंबं म्हणजे तिच्या वरची. (मुळाच्या वर काही नसल्याने तिथे दोन टिंबं मुळाकडेच बोट दाखवतात.) यादीत या नोंदी दिसू नयेत म्हणून ‘एलएस’मध्ये टिंबाने सुरू होणारं कोणतंही नाव वगळणारी सोपी अट घातली गेली, असं बेल लॅब्सचेच रॉब पाइक यांनी सांगितलं आहे. त्यामुळे टिंब लावलेली सगळीच नावं लपू लागली, आणि प्रोग्राम आपल्या सेटिंगच्या फाइली टिंब लावून लोकांच्या घरांत ठेवू लागले. आज प्रत्येकाच्या घरात अशा डझनावारी फाइली असतात. पाइक यांना ही चूक वाटते, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

खिशातल्या फोनमध्येही हेच झाड आहे, थोडं वेगळं छाटलेलं. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सचाच. तिथे ‘/सिस्टिम’ फक्त वाचता येते आणि तुमचं सगळं ‘/डेटा’मध्ये असतं. फोन कारखान्यातून आला तसा करायचा म्हणजे डेटा पुसायचा, सिस्टिमला हात लावायचा नाही. ॲपलने 2019 साली मॅकओएस कॅटालिनामध्ये सिस्टिमची जागा वेगळी काढून तिला फक्त-वाचण्याजोगी केलं. नावं निराळी, पण सनच्या वर्कस्टेशनांनी विचारलेला प्रश्न तोच: बदलणारं कोणतं आणि न बदलणारं कोणतं?

या झाडात मराठीचीही जागा आहे. लिनक्समध्ये प्रोग्रामांच्या सूचनांची भाषांतरं ‘/यूएसआर/शेअर/लोकेल’ इथे असतात. तिथे भाषेगणिक एक डिरेक्टरी. मराठीची ‘एमआर’, आपल्या भाषेचं आंतरराष्ट्रीय दोन-अक्षरी चिन्ह. मराठी भाषांतर कुठल्याच एका यंत्राचं नसतं आणि रोजच्या कामात बदलत नाही, म्हणून ते यूएसआरमध्ये. या यंत्रावर मराठी दिसावी की इंग्रजी, हा मात्र त्या यंत्राचा निर्णय, म्हणून तो ईटीसीमध्ये.

फाइलींना देवनागरीत नाव देता येतं तेही या झाडाच्या साधेपणामुळे. कर्नलला नावातली अक्षरं कळत नाहीत, फक्त बाइट कळतात; तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून त्याला काहीही चालतं. 1992च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत थॉम्पसन आणि पाइक यांनी यूटीएफ-8 ही संकेतपद्धती आखली, ती हे दोन्ही अपवाद सांभाळूनच. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह 3 बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्तसुद्धा. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे 15 बाइट. 1974च्या युनिक्समध्ये नावाला 14 बाइटच मिळत. 1983 साली बर्कलेच्या युनिक्सने ती मर्यादा 255 केली, आणि आजच्या लिनक्समध्येही ती तेवढीच आहे. म्हणजे देवनागरीत एका नावाला 85 चिन्हं. लांब मराठी नावाची फाइल विंडोजवरून कॉपी करताना लिनक्सने ‘नाव फार मोठं आहे’ म्हणून नकार दिला, तर हे त्याचं कारण.

आता पुन्हा टर्मिनल उघडा आणि ‘/यूएसआर/शेअर/लोकेल/एमआर’च्या आतल्या डिरेक्टरीत जा. तिथे प्रत्येक प्रोग्रामच्या नावाची एकेक फाइल सापडेल. शेजारच्या फ्रेंच किंवा जर्मन डिरेक्टरीत फाइली किती आहेत तेही मोजा. तिथे आहे आणि आपल्याकडे नाही अशा प्रत्येक फाइलीमागे मराठीत यायचा राहिलेला एक प्रोग्राम आहे, आणि त्यातल्या बहुतेकांची भाषांतरं करायला कुणालाही मुभा आहे.